जुन्या वाणाचा सुवासिक गुलाब व त्याची परसांतील लागवड

गुलाबाचें फूल हातीं आलें म्हणजे लहान असो वा थोर असो, प्रत्येकजण तें प्रथम नाकाशीं नेतो. हल्लीं बाजारांतून आणलेल्या फुलाच्या बाबतींत असें करणाराची बहुधा निराशा होते. मावळ तालुक्यांत तळेगांव दाभाड्याच्या आसपास, ज्यास पॉलिहाऊस म्हणतात अशा प्लॅस्टिकच्या मोठमोठ्या मांडवांतून जे गुलाब पिकवितात, ते लांब दांड्याचे, एकसारखे व दिसावयास फार सुरेख असतात. ते पुण्यामुंबईस जातात, परदेशींही जातात, आणि पाण्यांत ठेविले असतां पुष्कळ दिवस टिकतात. परंतु त्यांस वास नाहीं, अथवा असला तर केवळ नांवाला. उलट कित्येक खेड्यांत जुन्या घराच्या परसांत, न्हाणीच्या पाण्यावर वाढलेलें एखादें कांटेरी, अस्ताव्यस्त झुडूप असतें. त्याचें फूल साधें गुलाबी, पसरट, दुपारपर्यंत पाकळ्या गाळणारें. पण सकाळीं त्याच्या वासानें सारें परस भरून जातें. हें झुडूप जुनाट म्हणून उपटून टाकावें व त्या जागीं नर्सरींतून आणलेलें रंगीत कलम लावावें, अशी चाल पडूं लागली आहे. ती चाल चांगली नव्हे, असें आमचें मत आहे. तें कां, आणि ज्यांच्या घरीं हें झुडूप नाहीं त्यांनीं तें कसें करावें, हें या पाठांत सांगावयाचें योजिलें आहे.

गुलाबाचे जाणकार त्याचे जुने व नवे असे दोन मोठे वर्ग करितात, व त्यांमधील सीमा म्हणून १८६७ हें साल धरितात. त्या सालीं फ्रान्स देशांत ग्वियो नांवाच्या माळ्यानें "ला फ्रान्स" हा गुलाब प्रसिद्ध केला. हायब्रिड टी म्हणून जी जात आज सर्वत्र दिसते, तिचा हा पहिला नमुना मानितात. त्यापूर्वीं जे वर्ग माहीत होते ते जुने. झुडूप गेल्याच वर्षीं लाविलेलें असलें तरी त्याचा वंश जुना असला म्हणजे तें जुन्यांत मोडतें, हें वाचकांनीं ध्यानांत ठेवावें.

या जुन्यांपैकीं दोहोंशीं आपला संबंध आहे. पहिला अत्तराचा गुलाब. यास शास्त्रीय भाषेंत रोझा डॅमॅसीना, म्हणजे दमास्कसचा गुलाब, असें म्हणतात. उत्तर हिंदुस्थानांत त्यास चैती अथवा फसली गुलाब म्हणतात, कारण तो मुख्यत्वेंकरून वर्षांतून एकदां, फाल्गुन-चैत्राच्या सुमारास, चारपांच आठवडे भरून फुलतो व मग थांबतो. कनोजचें अत्तर, पुष्करचें गुलाबपाणी, हळदीघाटाचा गुलकंद हीं सर्व याच झाडाचीं. एकोणिसाव्या शतकांत गाझीपूर शहरही याच्या शेतांकरितां प्रसिद्ध होतें. नांव दमास्कसचें असलें तरी याचें मूळ एकाच गांवचें नाहीं. २००० सालीं जपानी शास्त्रज्ञांनीं या झाडाच्या बीजतत्त्वाची तपासणी प्रसिद्ध केली. तींत असें दिसून आलें कीं, हा गुलाब तीन निरनिराळ्या गुलाबांच्या संकरांतून झाला असून त्यांपैकीं एक मध्य आशियांतील रानगुलाब आहे. अत्तराविषयींही एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. गुलाबाचें अत्तर नूरजहान बेगमेनें शोधून काढिलें असें लोक म्हणतात. परंतु खुद्द जहांगीर बादशहानें आपल्या आत्मवृत्तांत तो मान तिच्या आईस दिला आहे. गुलाबपाणी काढीत असतां भांड्यांतील पाण्यावर जो तेलकट तवंग जमला तो तिनें टाकून न देतां गोळा केला, इतकीच ती गोष्ट आहे. एक शेर अत्तराकरितां तीन-चार हजार शेर फुलें लागतात, तेव्हां तो तवंग किती थोडा असेल हें समजून येईल.

दुसरा गुलाब आपल्या देशावरील परसास अधिक सोईचा आहे. माळी लोक यास एडवर्ड म्हणतात. नांवावरून इंग्लंडच्या राजाची आठवण होईल, परंतु त्याशीं याचा संबंध नाहीं. आफ्रिकेच्या पूर्वेस हिंदी महासागरांत रीयुनियन म्हणून एक फ्रेंच बेट आहे. त्याचें पूर्वींचें नांव बूर्बों. तेथील शेतकरी आपल्या शेतांस गुलाबांचें कुंपण करीत. एका ओळींत दमास्कसच्या जातीचा, पुन्हां पुन्हां फुलणारा गुलाब, व दुसऱ्या ओळींत चीन देशाचा बारमाही गुलाब. दोन्ही जवळ जवळ असल्यामुळें त्यांचा आपोआप संकर झाला, व कुंपणांत कोणाशींच न जुळणारें एक नवें झाड दिसूं लागलें. तेथील लोक त्यास एदुआर म्हणत, त्याचेंच आपण एडवर्ड केलें. १८१७ च्या सुमारास ब्रेओं नांवाचा वनस्पतिशास्त्रज्ञ त्या बेटांत आला, त्याच्या नजरेस हें झाड पडलें, आणि त्यानें पाठविलेल्या बियांपासून पुढें फ्रान्समध्यें बूर्बों गुलाबांचा मोठा वंश तयार झाला. या झाडानें बापाकडून दमास्कसचा वास घेतला व आईकडून बारमाही फुलण्याचा गुण घेतला असें म्हटलें तरी चालेल. बाप कोणता व आई कोणती याचा वाद मात्र आम्ही घालीत नाहीं.

दोन्ही झुडुपें ओळखावीं कशीं? चैतीचें फूल फिकें गुलाबी, मऊ पाकळ्यांचें, झुबक्यानें येणारें. पानें करडट हिरवीं, खालून किंचित् लवदार. फांद्यांवर लहानमोठ्या कांट्यांची दाटी. एडवर्डचें फूल अधिक गडद गुलाबी व वाटीसारखें; पानें त्याहून तुकतुकीत, कांटे थोडे पण आंकड्यासारखे. चैतीस हिंवाळ्याची थंडी चांगली मिळाली तरच तो मनापासून फुलतो. म्हणून कोंकणांत तो लावण्याच्या भरीस कोणीं पडूं नये. देशावर, जेथें पौषांत चांगली थंडी पडते, तेथें करून पाहावा. एडवर्ड मात्र दोन्हीकडे येतो, आणि कडक उन्हाळ्याचे दोन महिने व भर पावसाचे दिवस सोडले तर थोडींबहुत फुलें देत राहतो. प्रथमच गुलाब लावणाऱ्यानें एडवर्डच लावावा.

आतां नव्या गुलाबांचा वास गेला कोठें? दीर्घकाळ माळ्यांनीं निवड केली ती फुलाच्या आकाराची, रंगाची, दांड्याच्या लांबीची व टिकाऊपणाची. वासाकडे कोणीं पाहिलें नाहीं, आणि जें पाहिलें नाहीं तें हळूहळू नाहींसें झालें. याची आंतली कळ २०१५ सालीं उघड झाली. फ्रान्समधील संशोधकांनीं एक अतिशय सुवासिक गुलाब व एक जवळजवळ निर्गंध गुलाब घेऊन त्यांची तुलना केली, तेव्हां पाकळींत काम करणारें एक विकर सुवासिक फुलांत भरपूर व निर्गंधांत फार थोडें असल्याचें दिसलें. जिरॅनिऑल म्हणून गुलाबाच्या वासाचा जो एक मुख्य अंश आहे, तो तयार करण्याच्या कामीं हें विकर लागतें. म्हणजे निर्गंध गुलाबास कितीही खत घातलें तरी त्यास वास येणार नाहीं. खताचा तो प्रश्नच नव्हे. वास पाहिजे असेल तर वासाचा वंशच लाविला पाहिजे.

येथें कित्येक वाचक विचारतील, व त्यांचें विचारणें रास्त आहे, कीं ज्या गांवीं चैत्र-वैशाखांत बायांना हंडाभर पाण्याकरितां कोसभर चालावें लागतें, तेथें फुलझाडाची गोष्ट कशास पाहिजे? याचें उत्तर गुळमुळीत देणें बरें नव्हे. ज्या घरीं उन्हाळ्यांत टँकरच्या पाण्यावर दिवस काढावे लागतात, त्या घरीं यंदा गुलाब लावूं नये. गाईच्या आधीं व लेकराच्या आधीं फुलाचा हक्क नाहीं. परंतु पुष्कळ घरीं असें दिसतें कीं, भाजी व तांदूळ धुतलेलें पाणी, हंडेकळशा विसळलेलें पाणी गल्लींत सोडून दिलें जातें, व तेथें चिखल व डांस यांखेरीज दुसरें कांहीं पिकत नाहीं. रुजलेल्या एका झुडुपास उन्हाळ्यांत तीन-चार दिवसांनीं एक बादली, व हिंवाळ्यांत आठ दिवसांनीं एक बादली पाणी पुरतें. आळ्यांत उंसाचें पाचट अथवा वाळलेलें गवत चार बोटें जाड पसरलें तर त्याहूनही कमी लागतें. एवढें पाणी स्वयंपाकघराच्या मोरींतून निघतेंच. मात्र साबणाचें व कपडे धुण्याच्या पुडीचें पाणी घालूं नये. त्यांतील क्षारांनीं, विशेषतः काळ्या रानांत, माती चिकट होऊन मुळें गुदमरतात. न्हाणीचें पाणी द्यावयाचें असेल तर अंगास साबण लावण्यापूर्वींचें तेवढें द्यावें, आणि पाणी वाहून आणण्याचें काम घरांतील मुलींवरच न टाकतां मुलग्यांनाही लावावें.

आतां लागवडीकडे वळूं. विकतच्या रोपाविषयीं प्रथम एक सावधगिरी सांगितली पाहिजे, कारण यांत गरिबाचा पैसा जातो. नर्सरींतील नवे गुलाब बहुधा डोळा भरून केलेले असतात. म्हणजे खालीं एका राकट जातीचा खुंट असतो व त्याच्या सालींत दुसऱ्या जातीचा डोळा बसविलेला असतो. सांध्याच्या खालून खुंटाला फुटवे येतात, ते जोरदार असल्यामुळें मालकास आनंद होतो, तो त्यांस पाणी घालतो, आणि दोन वर्षांत वरचें विकत घेतलेलें झाड मरून नुसता खुंट उरतो. अशा वेळीं "माझ्या लाल गुलाबाचा रंग बदलला" असें लोक म्हणतात. रंग बदललेला नसतो, झाडच बदललेलें असतें. गंमत ही कीं, आपल्या देशांत कांहीं ठिकाणीं खुंट म्हणून एडवर्डचाच उपयोग करितात. तेव्हां कलम मेल्यावर खालून जर सुवासिक गुलाबी फुलें येऊं लागलीं, तर तें झाड उपटूं नये. मालकास न मागतां अधिक चांगली वस्तु मिळाली आहे.

याच्या उलट, काडी लावून केलेल्या जुन्या गुलाबास बुडापासून जे फुटवे येतात ते त्याच्याच जातीचे असतात, व ते राखावे. सात पानांची डहाळी जंगली, पांच पानांची खरी, असा एक नियम लोक एकमेकांस सांगतात. तो नियम नव्या कलमांनाही नेहमीं लागू पडत नाहीं, आणि जुन्या गुलाबांना तर मुळींच नाहीं. कारण त्यांच्या स्वतःच्या डहाळीवर कधीं पांच तर कधीं सात पानें असतात. या नियमावर भरंवसा ठेवून कित्येकांनीं आपल्या वाडवडिलांच्या झाडावर कोयता चालविला आहे. पाहावयाचें असेल तर फुटवा कोठून निघाला आहे हें माती उकरून पाहावें. कलमाच्या सांध्याखालून असेल तर तो कापूं नये, तर खालीं ओढून मुळासकट काढावा. कापला तर एकाचे चार होतात.

जुना गुलाब काडीपासून सहज होतो, व त्यास एक पैसाही खर्च नाहीं. पावसाळा सरतांना, आश्विन-कार्तिकांत, अथवा पावसाळ्याच्या आरंभीं, वर्षभराची जून झालेली, पेन्सिलीएवढी जाड फांदी निवडावी. नुकतें फूल येऊन गेलेली फांदी उत्तम. वीतभर लांबीच्या काड्या कराव्या, प्रत्येकीवर तीन-चार डोळे असावे, खालचा काप डोळ्याच्या लगेच खालीं घ्यावा. वरचें एखादें पान ठेवून बाकीचीं काढावीं. माती व वाळू सारखी मिसळून कुंडींत, डब्यांत अथवा प्लॅस्टिकच्या पिशवींत भरावी, व तळाशीं भोंकें पाडावीं. काडीचा दोनतृतीयांश भाग मातींत जावा, व भोंवतालची माती अंगठ्यानें चांगली दाबावी, नाहींतर आंत हवा राहून काडी वाळते. कुंडी झाडाच्या सावलींत ठेवावी, माती ओलसर असावी पण चिखल नसावा. दीड-दोन महिन्यांत मुळें धरतात. डोळे फुटून पालवी आली म्हणजे मुळें आलीं असें समजूं नये. काडींतील सांठलेल्या रसावरही पालवी फुटते. पुष्कळजण या वेळीं घाईनें काडी उपटून पाहतात व तीं कोंवळीं मुळें तोडून टाकतात. पिशवीच्या तळांतून पांढरीं मुळें दिसूं लागेपर्यंत हात लावूं नये. दहा काड्यांतून पांच-सहा जगल्या तरी समाधान मानावें.

जागा अशी असावी कीं दिवसांतून निदान पांच-सहा तास ऊन मिळेल, व तें सकाळचें असेल तर फारच बरें. दीड हात लांब, रुंद व खोल खड्डा उन्हाळ्यांत खणून तापूं द्यावा. काळ्या रानांत पाणी तुंबतें, आणि गुलाबास तहान सोसते पण पाय भिजत राहिलेले सोसत नाहींत. म्हणून अशा रानांत खड्ड्याच्या तळाशीं विटांचे तुकडे अथवा मुरूम घालावा, आणि झाड सभोंवारच्या जमिनीहून चार बोटें उंचावर लावावें. वरच्या मातींत दोन पाट्या शेणखत मिसळावें. शेणखत पुरतें कुजलेलें, मातीसारखा वास येणारें असावें. कच्च्या शेणानें वाळवी व हुमणी येते व तीं मुळें खातात. दोन झुडुपांत दोन-अडीच हात अंतर राखावें. जुना गुलाब ऐसपैस वाढतो, त्यास कुंडींत कोंडूं नये. चुनखडीच्या जमिनींत कधीं कधीं नवीं पानें पिवळीं पडतात व शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. तेव्हां लोह कमी पडतें आहे असें जाणावें. कुजलेलें खत वाढवावें, व एक लिटर पाण्यांत पांच ग्रॅम हिराकस विरघळवून संध्याकाळीं पानांवर शिंपडावें.

छाटणीविषयीं नव्या गुलाबांचे नियम येथें उपयोगी नाहींत. हायब्रिड टी गुलाब दसऱ्या-दिवाळीच्या सुमारास बराच खालीं छाटितात. तसें एडवर्डला केलें तर तो रुसतो. त्याच त्या वेळीं मेलेल्या, रोगट व एकमेकींत अडकलेल्या फांद्या काढाव्या, उरलेल्यांचा वरचा तिसरा हिस्सा तेवढा छाटावा, व दरसाल सर्वांत जुनी एखादी फांदी बुडापासून काढून नव्या फुटव्यास जागा द्यावी. चैतीची छाटणी मार्गशीर्ष-पौषांत, थंडी भरांत असतां करितात. त्यापुढें सुमारें अडीच ते तीन महिन्यांनीं तो फुलावर येतो.

याखेरीज जुन्या माळ्यांची एक युक्ति आहे, ती फार थोड्यांस ठाऊक असते, आणि आमच्या मतें या सर्व पाठांत तिचेंच मोल अधिक आहे. एडवर्डच्या कांहीं फांद्या पुरुषभर सरळ वर वाढतात, व फुलें येतात तीं केवळ शेंड्याला. लोक चिडून अशा फांद्या कापून टाकितात. त्या कापूं नयेत, वांकवाव्या. फांदी लवचिक असतां, दोनतीन दिवसांत थोडी थोडी करून, ती जमिनीपासून हातभर उंचीवर आडवी आणावी, आणि सुतळीनें खुंटीस बांधून टाकावी. शेंड्यावरील डोळा खालच्या डोळ्यांस दाबून ठेवीत असतो, आणि त्याचा तो अंमल फांदी उभी असेपर्यंत चालतो. फांदी आडवी झाली कीं तो मोडतो, आणि महिनादीड महिन्यांत त्या फांदीच्या सबंध लांबीवर, जवळजवळ प्रत्येक डोळ्यांतून, एक एक आंखूड डहाळी निघून तिच्यावर फुलें येतात. जेथें दोन फुलें होतीं तेथें पंधरा होतात, तींही एका थेंबभर अधिक पाण्याशिवाय. कुंपणाच्या तारेवर फांद्या आडव्या बांधल्या तरी हाच लाभ होतो, व कुंपण शेळीलाही दाद देत नाहीं.

रोगकिडींचें थोडक्यांत सांगतों. मावा कोंवळ्या शेंड्यांवर बसतो. तो बोटांनीं पुसून काढावा अथवा पाण्याच्या धारेनें पाडावा. तेवढ्यानें न भागलें तर पन्नास ग्रॅम निंबोळ्या कुटून एक लिटर पाण्यांत रात्रभर भिजवाव्या व तें पाणी गाळून संध्याकाळीं शिंपडावें. थंडींत पानांवर पांढरी भुरी येते, ती झाड दाटीनें व सावलींत असलें म्हणजे अधिक येते. फांद्या विरळ कराव्या. पावसाळ्यांत पानांवर काळे ठिपके पडून पानें गळतात. गळलेलीं पानें झाडून जाळावीं. फांदी शेंड्याकडून काळी पडत खालीं वाळत आली तर विलंब करूं नये. काळा भाग संपून हिरवें लांकूड लागेल तेथपर्यंत, आणखी दोन बोटें खालीं, कापावी, व कापावर मोरचूद व चुना प्रत्येकीं शंभर ग्रॅम एक लिटर पाण्यांत कालवून केलेला लेप लावावा. हा लेप लोखंडाच्या भांड्यांत करूं नये.

परंतु एका गोष्टीविषयीं थोडक्यांत सांगून भागणार नाहीं. शेतांतील कपाशीवर मारावयाचें औषध डब्यांत उरलें म्हणून तें परसांतील गुलाबावर मारण्याची संवय पुष्कळांस आहे. हें फूल मुलें तोंडांत घालतात, बाया त्याचा गुलकंद करितात, म्हाताऱ्यांच्या डोळ्यांवर त्याच्या पाकळ्या ठेवितात. २०१७ सालीं यवतमाळ जिल्ह्यांत कपाशीवर फवारणी करतांना विषबाधा होऊन अनेक शेतकरी व मजूर मरण पावले, हें आमचे वाचक विसरले नसतील. जें औषध उघड्या रानांत धट्ट्याकट्ट्या माणसाचा जीव घेतें, तें घराच्या दारांत आणूं नये. दुकानच्या अथवा पॉलिहाऊसच्या फुलांचा गुलकंदही याच कारणास्तव घरीं करूं नये. तीं फुलें पाहण्याकरितां पिकविलेलीं असतात, खाण्याकरितां नव्हे, आणि त्यांवर काय काय मारिलें आहे हें विकणारासही सांगतां येत नाहीं.

फुलें तोडावयाचीं तीं पहांटे, सूर्य वर येण्यापूर्वीं, नुकतीं उमललेलीं. ऊन चढूं लागलें म्हणजे वासाचें तेल उडून जातें, म्हणून कनोज-पुष्करकडील शेतांत तोडणी सकाळींच उरकतात. घरच्या गुलकंदास पाकळ्या तेवढ्या घ्याव्या, खालचा हिरवा देंठ व पांढरी बुंधी काढावी, एकदां धुवून सावलींत फडक्यावर पाणी निथळेपर्यंत पसराव्या. पाकळ्यांच्या वजनाइतकी, फार टिकवावयाचा असल्यास दुप्पट, साखर अथवा कुटलेली खडीसाखर घ्यावी. कोरड्या कांचेच्या बरणींत एक थर साखरेचा, एक पाकळ्यांचा, असें भरून शेवटीं साखर घालावी, झांकण लावून तीन-चार आठवडे उन्हांत ठेवावी, व दोन-तीन दिवसांनीं कोरड्या लांकडी चमच्यानें ढवळावी. पाकळ्यांचा रंग काळसर होऊन सर्व एकजीव झालें म्हणजे गुलकंद तयार झाला. पाण्याचा एक थेंब गेला तरी बुरशी येते. रोज थोडीं थोडीं फुलें येत असतील तर त्याच बरणींत साखरेसह भर घालीत जावें. ज्यांस मधुमेह आहे त्यांनीं हा औषध म्हणून खाऊं नये; त्यांत साखर आहे, आणि पुष्कळ आहे.

कार्तिकांतील छाटणीच्या काड्या चुलींत घालूं नयेत. मोठ्या झुडुपाच्या एका छाटणींतून वीस-पंचवीस चांगल्या काड्या निघतात. त्या शाळेच्या आवारास, शेजाऱ्यास, सासरीं गेलेल्या लेकीस द्याव्या. दुसऱ्या गांवीं पाठवावयाच्या असतील तर ओल्या फडक्यांत गुंडाळून वरून केळीचें पान अथवा प्लॅस्टिकची पिशवी बांधावी, म्हणजे दोन-तीन दिवस ताज्या राहतात. प्रत्येक काडीचा खालचा काप तिरका व वरचा सरळ घ्यावा. नाहींतर पानें काढलेली काडी लावणाराकडून उलटी लाविली जाते, आणि उलटी काडी कधींच फुटत नाहीं.